मोठ्या आबांचं धोतर

२ जानेवारी १९८८, शनिवार. अमळनेर

आज मायने पेटी उघडली. लोखंडी, हिरव्या रंगाची, तिच्या लग्नातली. झाकण वर केलं की अख्ख्या खोलीत डांबरगोळ्यांचा वास. मला तो वास लहानपणापासून आवडतो. दिवाळीच्या साड्या, पाहुण्यांच्या चादरी, सगळं त्या वासाचं. नाक खुपसून बसले तर माय ओरडली, "सरक तठून, आते तुनं पोट का पेटीत जाई?"

पेटीतून मोठ्या आबांचं धोतर निघालं. मोठे आबा म्हणजे माझे आजोबा, उखर्डू पाटील. नव्वदी ओलांडून गेले, तेही जेवण झाल्यावर, पान लावता लावता. मायने त्यांची दोन धोतरं जपून ठेवलीत. आमच्याकडे पोराला पहिलं कापड नवं लावत नाहीत, म्हाताऱ्या माणसाचं वापरलेलं लावतात. मऊ असतं हे झालंच, पण त्या माणसाचं आयुष्य पोराला लागतं म्हणतात. मी डी.एड. झालेली बाई, चौथीच्या वर्गाला शास्त्र शिकवते. तरी मायने ते धोतर फाडलं तेव्हा मी हात जोडले. काय करणार! पोटात भीतीचा गोळा आहे, त्याला शास्त्र कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी याच घरात माझा पहिला गेला. आठवडाभर जगला. कावीळ झाली आणि गेला. बारसंही झालं नव्हतं, त्यामुळे त्याला हाक मारायला नाव नाही. मी मनात नुसतं 'तो' म्हणते.

या वेळी हे (रुपचंदराव, धुळ्यात देवपूरच्या हायस्कुलात क्लार्क) म्हणत होते, बाळंतपण धुळ्यालाच करू. माय स्वतः देवपूरला आली आणि जावयापुढे हात जोडून उभी राहिली. "एक डाव माले परत करू द्या." म्हणून मी इथे आहे.

मागच्या वेळचं काही म्हणून ठेवायचं नाही असं मायने ठरवलंय. खोली बदलली, बाज बदलली, तेल बदललं, मालिश करणारी बाईसुद्धा बदलली. त्याची दुपटी, लंगोट सगळं तेव्हाच बोरी नदीत सोडलं होतं. मागच्या वेळी लंगोटांना मुंग्या लागल्या होत्या. माय ते विसरलेली नाही. पेटीत या वेळी मूठभर गोळ्या जास्त टाकल्यात. म्हणाली, "एक बी मुंगी येवाव नही आते."


११ जानेवारी, सोमवार

मुलगा झाला. शुक्रवारी सकाळी. आज प्रसूतिगृहातून घरी आलो.

गोरा, गुबगुबीत, नाक ह्यांचं. रडतो तर असा की शेजारच्या भिकुबाई भिंतीपलीकडून विचारतात, "काय म्हनस साहेब?" मी हसते आणि हसतानाच आठवतं. 'तोही' असाच गुबगुबीत होता.

बाळंतिणीने लिहायचं-वाचायचं नाही, डोळे जातात म्हणे. माय धुणं घेऊन मोरीत बसली की मी वही काढते. पाटावर लंगोट आपटल्याचा आवाज येतोय तोवर मी मोकळी.

दवाखान्यात बाळाला तिथलीच पांढरी फडकी गुंडाळत होते. घरी आल्या आल्या मायने ती काढून बाजूला टाकली आणि मोठ्या आबांच्या धोतराचा लंगोट लावला. वरून पेटीतलीच लोकरी शाल. थंडी फार आहे. म्हटलं, लंगोट एकदा धुऊन घेऊ का? माय म्हणाली, धुऊनच ठेवलेत, आणि वास राहू दे, किडामुंगी जवळ येत नाही. मला पटलं.

लंगोट बांधायला शिकवलं तिने. मला वाटायचं, त्यात काय शिकायचंय. पण आहे. धोतराचा चौकोन फाडायचा, कात्री लावायची नाही, कडा शिवायची नाही, शिवण मांडीला काचते. तिकोनी घडी घालायची. पोरगा असेल तर जाड घडी पुढे, पोरगी असेल तर मागे. गाठ नाळेच्या खाली, बाजूला, आणि इतकी सैल की करंगळी आत गेली पाहिजे. मी बांधलेला पहिला लंगोट बाळाने एका लाथेत काढून फेकला. माय पोट धरून हसली. "मास्तरीन, तुले शाळामा हाई शिकाडं नही का?"


१२ जानेवारी, मंगळवार

आज पाचवी. रात्री सटवाई येऊन पोराच्या कपाळावर लिहून जाते. मायने पाटा मांडला, पूजा केली, कोरा कागद आणि पेन ठेवलं. पेन माझंच, त्यानेच हे लिहितेय. मी देवीला मनातल्या मनात म्हटलं, बाई, जे लिहायचं ते लांबलचक लिही, शाई मी भरून ठेवलीये.

भिकुबाई आल्या होत्या. बाळाला पाहून म्हणाल्या, "मांगला बी असाच व्हता ना वं?" माय त्यांच्यावर इतकी भडकली की त्या चहा न घेता गेल्या. मग माय मीठ-मोहरी घेऊन बाळावरून ओवाळत बसली. मी शास्त्राची मास्तरीण, मी म्हटलं, "अजून एकदा ओवाळ."


१४ जानेवारी, गुरुवार

तीळगूळ वाटणं वगैरे यंदा नाही. बाहेर पोरं ओरडतायत.

लंगोट धुण्याची मायची पद्धत लिहून ठेवते, पुढे देवपूरला मलाच करायचंय. घाण झालेला लंगोट आधी गार पाण्यात, गरम पाण्यात टाकला की डाग बसतो. मग साबण. सोडा अजिबात नाही, कातडं जळतं. साबण निघेपर्यंत पाणी बदलत राहायचं, शेवटचं पाणी जिभेला लावलं तरी साबण कळता कामा नये. (माय खरंच लावते!) पिळा घालायचा नाही, पोराच्या पोटात पीळ पडतो. हे मला काही खरं वाटत नाही, पण मी घालत नाही. वाळत घालायचं कडक उन्हात, आणि दिवेलागणीच्या आत घरात. वाळले की घडी करून परत पेटीत, म्हणजे रात्रीचा गारठा लागत नाही. वासही ताजा राहतो.

एक गोष्ट खटकतेय. आज सकाळपासून लंगोटावर शूचा डाग पडतोय. आधी पाण्यासारखी असायची, कापड नुसतं ओलं व्हायचं. आता पिवळट-तपकिरी, पातळ चहा सांडल्यासारखा. मायला दाखवलं. ती म्हणाली, "उष्णता शे. तू डिंकना लाडू खास ना, ते उतरस दूधमा." लाडू बंद केले. मग वाटलं हळदीचं दूध पितेय, त्याची हळद असेल. तेही बंद. बादलीचा गंज असेल म्हणून पितळी घमेलं काढलं.

डाग तरी पडतोच आहे.

मुंग्या मात्र नाहीत. एकसुद्धा नाही. मायची गोळ्यांची युक्ती लागू पडली.


१५ जानेवारी, शुक्रवार

डोळ्यांत पिवळं दिसतंय.

मी काल रात्रीच पाहिलं होतं, पण दिव्याचा उजेड पिवळा म्हणून मनाची समजूत घातली. सकाळी अंगणात नेलं. नाक दाबलं, बोट काढलं, खाली हळदीसारखं पिवळं.

मायने बाळाला तेल लावलं, कोवळ्या उन्हात नुसत्या लंगोटावर मांडीवर घेऊन बसली. मागच्या वेळी उन्हात बसवलं नव्हतं, म्हणून. उन्हातून आत आणलं की पेटीतला नवा लंगोट, नवी शाल, घट्ट गुंडाळून. त्याला गारठा लागू नये म्हणून ती स्वतःच्या अंगावरची चादरसुद्धा घालते. जीव ओवाळून टाकते बाई.

प्रसूतिगृहातल्या डॉक्टरांकडे नाना (माझे वडील, तेलाच्या मिलमध्ये फोरमन होते) जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, बहुतेक बाळांना होते थोडी कावीळ, ऊन द्या, दूध पाजा, वाढली तर आणा. नानांना वाटलं, चला, जीव भांड्यात पडला. मला तसं वाटत नाही. मागच्या वेळीही हेच म्हणाले होते.


१६ जानेवारी, शनिवार

दूध ओढत नाही. तोंडात दिलं की तसाच झोपतो. तळपायाला टिचकी मारली तरी रडत नाही. ओठ पांढरे. पिवळा आणि पांढरा, दोन्ही. शेजारच्या भिकुबाई या वेळी भिंतीपलीकडून काही विचारत नाहीत.

लंगोटावरचा डाग आता काळपट आहे.

मला वाटलं, सगळं तेच चाललंय, दिवसांसकट. सटवाईने जुनाच कागद परत वाचला की काय. मी ओरडले, "नाना, गाडी बघा, जळगावला न्या, आत्ताच्या आत्ता." माय म्हणाली, अगोदर कावीळ उतरवणारा आहे त्याच्याकडे... मी तिला इतकं वाईट बोलले की ते इथे लिहीत नाही. तिने गपचूप पेटी उघडली, लंगोटांचं गाठोडं बांधलं. जीप आली. लिहिणं पुरे.


२० जानेवारी, बुधवार. जळगाव

बाळ जिवंत आहे.

हे एवढंच लिहून वही मिटणार होते. पण जे झालं ते कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

शनिवारी दुपारी जळगावच्या मुलांच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टर जाडजूड, घाईतले. बाळाला पाहिलं, डोळ्याची पापणी उघडली, आणि त्यांची घाई थांबली. पहिला कसा गेला ते मी सांगितलं. त्यांनी लंगोट सोडला, त्यावरचा डाग पाहिला, आणि लंगोट नाकाशी नेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, घाण वास येतोय म्हणून बोलणार.

"हा कसला वास?"

मी चक्क अभिमानाने सांगितलं, "डांबरगोळ्यांचा. आमच्याकडे फार स्वच्छता असते, साहेब. पेटीतलेच वापरतो सगळे."

त्यांनी नर्सला हाक मारली. बाळाच्या अंगावरचं एकूण एक कापड काढायला लावलं, आमचं गाठोडं दवाखान्याबाहेर ठेवायला सांगितलं. बाळाचं अंग कोमट पाण्याने पुसलं, तेलसुद्धा. मग ह्यांच्या शाळेत फोन केला. हे मिळेल त्या एस.टी.ने आले, उभ्याने. रक्त तपासलं, जुळलं, आणि ह्यांचं रक्त काढून बाळाला दिलं. बाळाचं खराब झालेलं थोडं थोडं काढायचं, चांगलं थोडं थोडं घालायचं. तेवढ्या वेळात मी कोणता देव सोडला नाही.

मग निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर एक धागा नाही. इतकं उघडं मूल मी कधी पाहिलं नव्हतं. सारखं वाटायचं, कुणीतरी पांघरूण घाला रे.

सोमवारी डॉक्टरांनी मला आणि ह्यांना आत बोलावलं. माय तेव्हा दवाखान्याच्या मागे नळावर फडकी धूत होती. ते म्हणाले, काही मुलांच्या रक्तात जन्मापासून एक गोष्ट कमी असते. एरवी कळतही नाही, मूल चांगलं वाढतं. पण डांबरगोळीचा अंश अंगात गेला की रक्त फुटायला लागतं. कातडीतून जातो, श्वासातून जातो, तेल लावलं असेल तर जास्त जातो. लंगोटावर जो डाग होता ते फुटलेलं रक्त होतं.

तीन दिवस आम्ही तो डाग चोळून चोळून धूत होतो.

"ही कमी आईकडून मुलाला येते," ते म्हणाले. "आईला त्रास होत नाही, मुलग्यांना होतो." म्हणजे माझ्याकडून. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा पहिला... बहुतेक तेच असावं. त्यालाही पेटीतलेच कपडे होते का?"

हो. त्यालाही पेटीतलेच.

बाहेर आलो. हे माझा हात धरून बाकावर बसले. म्हणाले, "हे सासूबाईंना सांगायचं नाही. कधीच नाही. त्या जगायच्या नाहीत." मी मान हलवली. नळावरून मायचं आपटणं ऐकू येत होतं.

खरं लिहायचं तर तेव्हा मला मायची दया नव्हती आली. राग आला होता. इतका की तिथे जाऊन तिच्या हातातली फडकी हिसकावून घ्यावीत. आणि मागोमाग माझाच. वास मलाही आवडत होता ना! नाक खुपसून बसले होते ना मी!


२८ जानेवारी, गुरुवार. अमळनेर

घरी आलो. बाळाचा रंग परत आलाय. दूध असं ओढतो की मीच ओरडते. कान तपासायला सांगितलेत दोन महिन्यांनी, कावीळ डोक्यात गेली तर ऐकू कमी येतं म्हणे. आता ही नवी भीती. दिवसातून कितीदा तरी मी त्याच्या कानाशी वाटी वाजवते. तो दचकला की मला इतका आनंद होतो, बिचाऱ्याला मात्र झोप नाही.

मायला एवढंच सांगितलंय की डांबरगोळ्या बाळाला सोसत नाहीत, काही मुलांना सोसत नाहीत. ह्यांनी दवाखान्यातच सांगितलं, हसत हसत, जणू शेंगदाणे सोसत नाहीत. माय ते ऐकून आमच्या आधीच अमळनेरला परतली.

आम्ही यायच्या आत तिने पेटी रिकामी केली होती. गोळ्या कुठे टाकल्या कोण जाणे. मोठ्या आबांचं दुसरं धोतरसुद्धा नाही. नवीन मांजरपाटाचं कापड आणून, उकळून, उन्हात घालून मऊ केलंय. पेटी अंगणात उपडी पडलीये.


३१ जानेवारी, रविवार

आज माय माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ बाळाकडे बघत होती. मग एकदम:

"कुंदे, त्याना वखतले बी हाईच पेटी व्हती ना?"

मी तयार होते, कितीतरी दिवस मनात घोकून ठेवलं होतं. म्हटलं, "नही माय. त्याना कपडा मी धुळाथून आनेल व्हतात. त्याले साधी कावीळ व्हती."

माय म्हणाली, "हां. मंग ठीक शे. तू शिकेल शे, तुले माहीत." आणि उठून चुलीकडे गेली.

पटलं तिला. सुटले बाई! खोटं बोलले, पण असं खोटं देवही माफ करेल. ह्यांना पत्रात लिहिलं, काम झालं.


६ फेब्रुवारी, शनिवार

मायला सर्दी झालीये. बाळाला घेत नाही. "माले पडसं शे, बापूले लागी जाई," म्हणते. मी त्याला अंघोळ घालायला शिकले, मालिश भिकुबाई करतात. माय दारातून बघते आणि सांगते, मान धर, कान झाक.

शिंकताना मात्र मी तिला ऐकलं नाही. असेल आतल्या आत.

आणि खरं सांगू? सर्दी झाली ते एका परीने बरंच झालं. ती जवळ आली की माझा हात आपोआप बाळाकडे जातो. तिच्या पदराला वास येतोय का बघते. माझ्या मायच्या पदराला! स्वतःची लाज वाटते आणि तरी बघते.


१३ फेब्रुवारी, शनिवार

सर्दी काही हटत नाही. नाना म्हणतात डॉक्टरकडे जा, तर म्हणते, जासू.

लंगोट मात्र सगळे तीच धुते. मला पाण्यात हात घालू देत नाही. पूर्वी एकदा धुवायची, आता धुऊन, उकळून, परत धुते. उकळत्या पाण्यातून हातानेच काढते. काल बघितलं, बोटांची सालं निघालीत, नखांच्या मुळाशी रक्त. म्हटलं, माय, अगं स्वच्छ आहेत ते, किती धुशील? तर म्हणाली, "व्हई जाई आते." वाळलेला एक एक लंगोट नाकाशी धरते, मग भिकुबाईंच्या हाती देते, त्या मला आणून देतात. भिकुबाई हसतात, म्हणतात, तुनी मायले स्वच्छतानं वेड लागनं.

मलाही तसंच वाटतंय. नानांशी बोलायला हवं.

बारसं देवपूरलाच करायचं ठरलंय. मायने कौतुकाने पाळण्याची दोरी विणलीये, पण ती येणार नाही म्हणते. घर कोण बघेल, सर्दी आहे, वगैरे.


२२ फेब्रुवारी, सोमवार. देवपूर, धुळे

काल आलो. आज सगळे झोपलेत म्हणून भरदुपारी लिहितेय.

हे मला न्यायला आले होते. माय आणि नाना स्टँडपर्यंत सोडायला आले. धुळ्याची गाडी लागलेली, गर्दी भरपूर. हे बॅगा, पाळणा, दोरी घेऊन आत घुसले आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. मी बाळाला घेऊन चढले, माय डबा द्यायला मागून चढली. तेवढ्यात बाळाने शू केली आणि तारसप्तकात सूर लावला. बाळाच्या पिशवीची नाडी सुटत नव्हती, डबा कलंडत होता, मागून माणसं ढकलत होती. मी न बघता म्हटलं, "धर वं माय याले."

तिने हात पुढे केले नाहीत.

मी वर पाहिलं. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले होते, शाळेत छडी चुकवायला पोरं नेतात तसे. चेहरा पांढराफटक. हळूच म्हणाली, "माले नको देऊ. मना हाते एक गया."

त्या क्षणी मला सगळं कळलं. सर्दी कळली, उकळतं पाणी कळलं. तीन आठवडे ती माझं खोटं डोक्यावर घेऊन धुणं धूत होती, आणि मी तिचा पदर हुंगत होते. मास्तरीण म्हणे!

मी भ्यालेच होते. अजूनही भिते. तिला बघितलं की तो लंगोट डोळ्यांपुढे येतो, खोटं कशाला लिहू. पण मी तिला खांदा धरून खिडकीच्या सीटवर बसवलं आणि रडतं, ओलं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. पिशवीतून लंगोट काढून तिच्या पुढ्यात टाकला. आणि ह्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, पाठ करून.

बाळ रडतच होतं. मग रडणं जरा खाली आलं. मग मायचा आवाज, "हां रे मना राजा, हां, व्हयनं, व्हयनं." मी वळून पाहिलं तर ती ओला लंगोट सोडून दुसऱ्याची तिकोनी घडी घालत होती. सोललेल्या बोटांनी, एकेक कोपरा ओढून, सावकाश. जगात दुसरं काही काम नसल्यासारखी.

कंडक्टर म्हणाला, "आजी, सोडायला आलात ना? उतरा, गाडी निघते."

माय मान वर न करता म्हणाली, "थांब ना भाऊ, पोऱ्या वल्ला शे."

त्याने बेल दिली. नाना खालून मायला नावाने हाका मारत खिडकीवर थापा मारायला लागले, "उतर ना वं! सुंदर! कथी चालनी?" माय गाठ बांधत होती. करंगळी घालून पाहिली, सैल वाटली, सोडली, परत बांधली. गाडी स्टँडच्या फाटकाबाहेर पडली. नाना मागे हात हलवत राहिले, एका हातात त्यांनी मायच्या चपला धरल्या होत्या. चढताना गर्दीत निघाल्या असतील.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. कंडक्टर आला तेव्हा हे म्हणाले, "धुळे, तीन."

गाव मागे पडलं, दोन्हीकडे कापूस वेचून संपलेली, उलंगलेली शेतं लागली. बाळ झोपलं. बऱ्याच वेळाने माय खिडकीबाहेर बघत म्हणाली, "धुळाथून तू काहीच आनेल नव्हतं. रिकामा हातवरी उनी व्हती तू. मीच बठ्ठं पेटीमातून काढेल व्हतं."

"हो, माय," मी म्हटलं.

"तू खोटं बोलनी."

"हो."

ती रडली. आवाज न करता, मला दिसू नये म्हणून तोंड खिडकीकडे करून. मीही रडले. ह्यांनी उगाच वरच्या फळीवरच्या बॅगा नीट केल्या. मी म्हटलं, त्याला थंडी वाजू नये म्हणून तू गुंडाळलंस, माय, तुला कुठे माहीत होतं, मला तरी कुठे माहीत होतं, आणि रक्त तर माझंच. किती तरी वेळ मी बोलत होते. तिने ऐकलं की नाही, माहीत नाही.

मग रस्ता खराब लागला. गाडी उडायला लागली. मला वाटलं तिचे हात दुखत असतील, सालं निघालेली, त्यात हे एवढं वजन. मी हात पुढे केले. म्हटलं, दे आता, मी घेते जरा.

मायने पदर त्याच्यावरून घेतला आणि धुळे येईपर्यंत बाळ मला दिलं नाही.